श्रीशैलाची पिशवी

रिकाम्या पिशवीचं वजन किती असावं, या एका प्रश्नापायी मी माझा अख्खा हिवाळा घालवला आहे आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. त्या वयात मैत्रिणी साड्या बघत होत्या, काही जणी मुलं बघत होत्या. मी पिशव्या उचलून बघत होते. स्वप्नातसुद्धा पिशव्याच यायच्या. बालाघाटाच्या डोंगरावरून, धुक्यातून, एकामागं एक पिशव्या चाललेल्या, खाली पाय नाहीत, वर डोकं नाही, आणि मी मागून विचारतेय, अगं बायांनो, तुमच्यात सगळ्यात हलकी कोण?

आमचं गाव केज. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोंढ्यात धान्याच्या आडतीचं दुकान. घरात बोलणंही वजनाच्याच भाषेत चालायचं. एखादं स्थळ सांगून आलं तर आप्पा म्हणायचे, "माणूस भरीव हाय." नाहीतर, "पोकळ निघाला." मी पुण्याला वसतिगृहात राहून शिकत होते आणि दर सुट्टीत घरी येताना गावात काहीतरी नवं दिसायचं. कधी गल्लीवरून केबलच्या तारा गेलेल्या, कधी चौकातल्या पानपट्टीशेजारी एसटीडीचं पिवळं खोकं उभं राहिलेलं. मोंढ्यात गोणपाटाची पोती मागं पडून पांढरी प्लॅस्टिकची पोती आली होती, फुंकर मारली तर उडतील अशी. सगळंच हलकं होत चाललं होतं.

आमच्या घरात मात्र आदल्या वर्षी एक जड गोष्ट घडून गेली होती. आईच्या डाव्या छातीत गाठ निघाली. सोलापूरला ऑपरेशन झालं, पार काखेपर्यंत काढावं लागलं. आई वाचली. पण डाव्या हातात पहिला जीव राहिला नाही. जरा ओझं झालं की तो हात सुजायचा, बोटं फुगायची. डॉक्टरांनी सांगून ठेवलं, या खांद्यावर ओझं घ्यायचं नाही, या हातानं उचलायचं नाही.

झालं. त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांनी एकच वाक्य पाठ केलं, "राहू दे, ठेव ते." आईनं कळशीला हात लावला की वहिनी धावायची, "आत्याबाई, ठेवा ते." पाट उचलला की आप्पा, "आगं ठेव." मीही त्यातलीच. प्रेमापोटीच होतं हो सगळं. पण जिनं आम्हा चौघा भावंडांना कडेवर वाढवलं, ज्वारीचा डबा एका हातानं सरकवला, तिच्या हातात आता कुणी जेवल्यावरचं ताटही ठेवीना. आई रिकाम्या हातांनी या खोलीतून त्या खोलीत जायची, परत यायची. आपल्याच घरात ती पाहुणी झाली होती.

दिवाळीला मी घरी आले तेव्हा ती जात्यावरल्या ओवीसारखं सहज म्हणाली, "मी फागणात श्रीशैलाला जाणार. पायी."

आमच्यासारख्या लिंगायत वाणी लोकांत ही रीत जुनी. दरसाल फाल्गुनात आमच्या भागातून बायाबाप्ये निघतात. लातूरवरून खाली कर्नाटकात उतरायचं, कृष्णा ओलांडायची, तुंगभद्रा ओलांडायची, मग नल्लमलाचं जंगल आणि पाडव्याला मल्लय्याच्या, म्हणजे तिथल्या महादेवाच्या, पायाशी. बरोबर एक टेम्पो असतो. त्यात भांडी, शिधा, अंथरुणं. पण ज्याची त्याची पिशवी ज्याच्या त्याच्या अंगावर. पिशवी टेम्पोत टाकली तर चालण्याचं पुण्य टेम्पोला, असं त्या लोकांत हसून म्हणतात आणि हसत असले तरी मानतात.

आप्पा म्हणाले, "बसनं जाऊ की. मी पण येतो."

"बसनं गेलं तर पिशवी कोण उचलंल?" आईनं विचारलं.

आप्पा टोपी नीट करायला लागले.

"तुमीच ना? मला माजी पिशवी माज्या अंगावर न्यायची हाय. एवढंच मागणं हाय माजं. दुसरं काई न्हाई."

सोलापूरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चालू दे की, चालणं चांगलंच आहे, फक्त त्या खांद्यावर काही नको. आप्पांना हे उत्तर आवडलं नव्हतं, पण ते व्यापारी माणूस, त्यांनी सौदा केला. माघ संपायच्या आत आईनं भरलेली पिशवी घेऊन धारूर रस्त्यानं घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन यायचं. आल्यावर ते तिची बोटं बघणार. बोटं सुजली नाहीत तर श्रीशैल. सुजली तर पिशवी टेम्पोत टाकायची, नाहीतर घरी बसायचं, आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

"कबूल," आई म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "तू पुण्याला असतीस. तिथं लई पिशव्या असतील."

माझ्या खोलीतली मैत्रीण गडकिल्ले चढणारी होती. तिची भलीमोठी सॅक मी मागून आणली. पाठीला ॲल्युमिनियमची चौकट, जागोजाग पट्टे, दोऱ्या, खिसे. संक्रांतीला ती घेऊन मी एसटीतून उतरले तेव्हा मलाच गिर्यारोहक झाल्यासारखं वाटलं होतं. आईनं ती उभी केली, तोंड उघडून आत डोकावली आणि म्हणाली, "यात आप्पा बसतील." रिकामीच तिला पाठीवर चढवली तर चौकट तिच्या कमरेच्याही खाली लोंबायला लागली. आई अंगानं लहानखुरी. सॅकला पाय फुटून ती गल्लीतून चालल्यासारखं दिसत होतं. वहिनी तोंडात पदर कोंबून हसली आणि मीही.

मग भाच्याचं दप्तर. बाजारात नुकतीच आलेली ती रंगीत दप्तरं, आतून पातळ, वरून चित्र काढलेलं. वजनाला फुलासारखं. आम्ही दोघी भल्या सकाळी त्यात चादर आणि लुगडं भरून निघालो. पहिल्या वळणापर्यंत आई बोलत होती. दुसऱ्या वळणाला बोलायची थांबली. दप्तराचं सगळं ओझं दोन खांद्यांवर येतं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक. तिनं डावा पट्टा काढला, सगळं उजव्या खांद्यावर घेतलं आणि वाकडी होऊन चालायला लागली. मी म्हटलं, "दे इकडं." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुढं झाले. घरी आलो तर डाव्या हाताची बोटं पाण्यात भिजलेल्या शेंगांसारखी झाली होती. आप्पांनी बघितलं. "टेम्पो हायच की" एवढंच पुटपुटून दुकानाला गेले.

मला राग आला होता. कुणाचा ते कळत नव्हतं. दप्तराचा, आप्पांचा, त्या गाठीचा. मी ओट्यावर फुगून बसले होते. तेवढ्यात समोरच्या घरातलं रांगतं पोर उंबऱ्याबाहेर आलं आणि आईनं त्याला उचलून उजव्या कडेवर घेतलं. कुणी "ठेव" म्हणायच्या आत. पोर चांगलं गुबगुबीत. आई त्याला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेली, कावळा दाखवला, बकरी दाखवली, परत आली, पुन्हा गेली. ताठ. चेहऱ्यावर दुखण्याची रेघ नाही. डावा हात मोकळा हलत होता. मी बघत राहिले. खांदा गेला होता, पण कंबर तर साबूत होती की. चार लेकरं, किती घागरी, किती पाट्या वागवलेली कंबर.

मैत्रिणीच्या सॅकला कमरेवर आवळायचा एक रुंद पट्टा होता. मी तो शोभेचा समजत होते. धावत जाऊन ती सॅक पुन्हा पाठीवर घेतली, आत आप्पांचं वजनाचं माप टाकलं आणि पट्टा आवळला. खांद्यावरचं ओझं खाली कमरेवर उतरून बसलं. मी एकटीच खोलीत नाचले.

माघ संपायला अजून वेळ होता आणि आता काय हवं ते कळलं होतं. कमरेचा पट्टा असलेली, आईच्या पाठीएवढी आणि रिकामी असताना वाऱ्यावर उडेल अशी पिशवी. पुण्यात मी दुकानांमागून दुकानं पालथी घातली. डावा हात स्वेटरच्या खिशात घट्ट कोंबायचा आणि एकाच हातानं पिशवी चढवायची, बंद करायची, उतरवायची, अशी माझी परीक्षा. मग ती अंगावर घेऊन दुकानाबाहेरच्या गल्लीतून दोन फेऱ्या. लोक बघायचे. बघेनात का. मी डोळे अर्धे मिटून चालायचे आणि गल्लीतल्या रिक्षा, भाजीच्या गाड्या हळूहळू विरघळून तिथं झाडं उभी राहायची. उंच, ओळखीची नसलेली झाडं. कुठंतरी खाली नदीचा आवाज. मी आई झालेली असायचे. मग कुणीतरी हॉर्न वाजवायचं आणि झाडं जायची.

मंडईमागच्या एका अंधाऱ्या दुकानात मालक पेपर वाचत बसला होता. त्यानं माझी ती कसरत बराच वेळ बघितली आणि कंटाळून विचारलं, "हाताला काय झालंय?"

"मला नाही. आईला."

त्यानं पेपर खाली ठेवला. माळ्यावर चढून धुळीतून एक गठ्ठा खाली ओढला. परदेशी पाठवायच्या मालातला उरलेला माल, म्हणाला. त्यातून त्यानं एक पिशवी काढली. मोरपंखी रंगाची, पॅराशूटच्या कापडासारखं कापड, पाठ आखूड, आणि कमरेला तळहाताएवढा रुंद, आतून मऊ भरलेला पट्टा. मी ती हातात घेतली तर हातात काही आहे की नाही तेच कळेना.

"तिकडच्या बायका असली पिशवी लावून महिना महिना डोंगरात चालतात म्हणे," तो म्हणाला आणि पुन्हा पेपर उघडला.

त्या रात्रीपासून निघेपर्यंत मी ती पिशवी उशाशी घेऊन झोपत होते. वाटायचं, हिची जुळी बहीण या घडीला कुठल्यातरी बर्फाच्या डोंगरात कुणा गोऱ्या बाईच्या कमरेवर चालली असेल. त्या बाईला काय माहीत, केज नावाचं एक गाव आहे आणि तिथं एक बाई निऱ्या खोचून तयार बसली आहे.

मी घरी आणली तेव्हा आईनं आधी पिशवीचा वास घेतला. "लई वास येतो गं." मग उजवा हात घातला, डावा अलगद सरकवला. पट्टा नेमका निऱ्यांच्या खोचणीवर बसला. लुगड्याच्या त्या घड्या म्हणजे जणू पट्ट्यासाठीच केलेली गादी. तिनं कडी जोडली, टक्क आवाज झाला आणि ती हसली. किती दिवसांनी मी तिचं ते हसू बघत होते.

एकच अडचण निघाली. खांद्याचे पट्टे घसरू नयेत म्हणून छातीवरून एक बारीक पट्टी आडवी जात होती. आमच्यात गळ्यात लिंग असतं. चांदीच्या छोट्या डबीत, म्हणजे चौक्यात, दोऱ्यात ओवलेलं, छातीवर, रात्रंदिवस. ते काढायचं नसतं. रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आईला भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम दिला होता, तोही ती करायची. पण तो हात खरा हलता केला तो या पूजेनं. आधी तळहात मांडीवरूनच उचलेना. मग पोटापर्यंत आला. मग एक दिवस डोळ्यांसमोर. आम्ही दाराआडून बघायचो, आणि वहिनी डोळे पुसायची.

तर ती पट्टी नेमकी चौक्यावर दाबून बसत होती, आणि खालच्या टाक्यांच्या जागेवरही. मी शहाणपणा केला. म्हटलं, "आई, चालताना तेवढं लिंग पाठीकडं सरकव."

"देव पाठीमागं टाकून देवाला जायचं व्हय?" आईनं विचारलं. खण कापायची कात्री मागितली आणि मी तोंड उघडायच्या आत दोन्हीकडून पट्टी कापून टाकली. एवढ्या हौसेनं शोधलेली पिशवी, मला ती कात्री माझ्याच अंगावर चालल्यासारखी लागली. आई तो तुकडा माझ्या हातात देऊन म्हणाली, "तेवढीच हलकी झाली."

मग मला हलकेपणाचं वेडच लागलं. दुकानातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून बघायची आणि भांडायचं. सुती लुगड्याऐवजी नायलॉनचं पातळ, धुतलं की वाळतं. साबणाची अर्धीच वडी. कंगवा मधोमध तोडलेला. पितळी तांब्या बाद, त्याजागी आप्पांच्या दुकानात कुणी विसरून गेलेली पाण्याची प्लॅस्टिकची बाटली. आई सगळं ऐकून घेत होती. तांब्यावर मात्र अडली. बाटलीनं देवाला पाणी घालणार नाही म्हणाली. शेवटी आप्पांनीच कुठून तरी एक पातळसं स्टीलचं फुलपात्र आणून काट्यावर ठेवलं आणि काटा जेमतेम हलला तसे माझ्याकडं बघून भुवया उडवल्या.

"आता माजं नाक काप," आई मला म्हणाली. "तेवढंच वजन कमी."

माघातल्या त्या सकाळी आम्ही निघालो तेव्हा धुकं होतं. धारूरचा रस्ता पुढं कुठं जातो ते दिसतच नव्हतं. दोन्हीकडं करडई फुलली होती, पिवळी, मधूनच केशरी, आणि धुक्यातून कुठून तरी हुरड्याचा भाजका वास येत होता. आई पुढं, मी मागं. मोरपंखी पिशवी तिच्या कमरेवर डुलत होती. बायका घागर घेऊन चालतात ना, ती चाल. मला वाटत होतं की आपण केजात नाहीच. हा रस्ता असाच धुक्यातून कर्नाटकात जाईल, तिथून आंध्रात, नदी येईल, जंगल येईल, आणि आपल्याला कुणी वाटेत हाक मारणार नाही.

मागून मात्र एक फटफट ऐकू येत होती. आप्पा. स्कूटरवरून, आमच्यापासून अंतर ठेवून, इतक्या हळू की गाडी दोनदा बंद पडली. विचारलं तर म्हणाले असते, पुढच्या गावात तुरीचा सौदा बघायला चाललो.

"म्हणतात की श्रीशैलाचं शिखर नुसतं लांबून दिसलं तरी माणूस सुटतो," आई चालता चालता बोलायला लागली. "पुन्ना जन्म न्हाई."

आदल्या वर्षी सोलापूरच्या दवाखान्यात जे जे मनात आलं होतं ते सगळं मला पुन्हा आठवलं.

"मला सुटायचं न्हाई गं," ती म्हणाली. "मला बघून परत यायचं हाय."

घाटाच्या तोंडाशी एक लिंबाचं झाड होतं. त्याला हात लावून ती वळली. परत येताना दोन्ही वळणांवर ती बोलतच होती. घरी आल्यावर आप्पा आमच्या आधीच ओट्यावर बसलेले, जणू कुठं गेलेच नव्हते.

"बोटं दाव."

आईनं हात पुढं केला. आप्पांनी एकेक बोट दाबून बघितलं, धान्याचा दाणा बघतात तसं. अंगठीची जागा बघितली. मग हात सोडला. "जा मग," म्हणाले आणि नाक शिंकरायला मोरीत गेले.

आणि मग निघायच्या आदल्या दिवशी दुपारी गल्ली आमच्या घरी लोटली. हे मी धरलंच नव्हतं. आमच्याकडं रीत अशी की, ज्याला जाता येत नाही तो जाणाऱ्याच्या हाती मल्लय्याला नारळ पाठवतो. आणि ज्याच्या हाती दिला त्यानंच तो पायी न्यायचा. गुडघे गेलेल्या एकीचा नारळ, दिवस गेलेल्या एकीचा नारळ, नवऱ्यानं सोडलं नाही म्हणून तिसरीचा. आई प्रत्येकीकडून कुंकू लावून घेत होती, नारळ घेत होती, "देते गं माय" म्हणत होती. देवघरापुढं नारळांचा ढीग झाला. मी कंगवा तोडून वाचवलेलं वजन एका नारळाच्या शेंडीएवढंही नव्हतं. माझं डोकंच फिरलं. बायका ओसरीवर बसलेल्या असतानाच मी बोलले, "ही बाई चालत जाणारेय की नारळाची गाडी आहे? टाका ते टेम्पोत."

एक म्हातारी हळूच म्हणाली, "टेम्पोनं पाठवायचा आसता तर तुज्या आईच्या हातात कावून दिला आसता, बाई?"

आई उठली. मला वाटलं, आता मला बोलणार. ती माजघरात गेली, सुपात थोडे तांदूळ घेतले, कुंकू कालवून लाल केले आणि सूप घेऊन ओसरीवर आली. पिशवीच्या छातीवरच्या पट्टीचा कापलेला तुकडा मी खुंटीला टांगला होता, तोही तिनं काढून आणला.

"बायांनो, नारळ आज इथंच महादेवाला फोडू. मला माफ करा. माज्या पाठीला तुमचे नारळ पेलायचे न्हाईत," ती म्हणाली. "यातला एकेक दाणा तुमच्या हातानं मला द्या. तो मी नेते. एक पण कमी पडू देणार न्हाई."

"नारळाजागी दाणा चालतो का गं देवाला?" कुणीतरी विचारलं.

"मला जेवढं चालंल तेवढंच त्याला चालंल की."

म्हातारी आधी उठली. एक दाणा चिमटीत धरून तिनं डोळ्यांना लावला आणि आईच्या डाव्या तळहातावर ठेवला. मग बाकीच्या. शेवटी वहिनी आली. मग मला राहवेना, मीही एक ठेवला. आईनं ते सगळे दाणे चिंधीत बांधले, पुरचुंडीला पट्टीचा तुकडा गुंडाळला आणि ती पिशवीत नाही तर कनवटीला खोचली, पट्ट्याच्या बरोबर खाली. नारळांच्या खोबऱ्याचं पुढं आठवडाभर गल्लीत काय काय झालं ते विचारू नका.

ती गेली आणि मी पुण्याला परतले. परीक्षा जवळ आली होती, पण वर्गात बसले की फळ्यावर जंगल यायचं. मी दुपारच्या तासाला डोळे उघडे ठेवून तिच्यामागून चालायचे. कधी ती नदीत उभी असायची, पिशवी कमरेवर आणि पाणी गुडघ्यापर्यंत. कधी सगळे पुढं निघून गेलेले आणि ती एकटी बसून बोटं दाबून बघतेय. तेव्हा मी दचकून जागी व्हायचे. टेम्पोत टाकली असेल का पिशवी? टाकली तर टाकली, जीव महत्त्वाचा, असं मी मनाला सांगायचे आणि मन ऐकायचं नाही.

पाडव्याला घरी आले. गुढी उभारून आप्पा दुकानात जाऊन बसले होते. सणाला मोंढा बंद, पण फोन दुकानात होता. मीही जाऊन बसले. आम्ही दोघंही फोनकडं बघत नव्हतो. दुपार कलल्यावर तो वाजला. आप्पा "कोण? कोण?" करत राहिले, तारेतून नुसती खरखर, मध्येच तेलुगूत कुणीतरी बोलत होतं. मग लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला.

"पिशवी माज्याच अंगावर हाय."

'पोचले' नाही की 'बरी हाय' नाही. पहिलं वाक्य ते. आप्पांनी फोन माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवलं.

"शिखर दिसलं का गं?" मी ओरडले.

"दिसलं. सगळ्यांचे दाणे वाह्यले. तुजा पण." मग पुन्हा खरखर, आणि त्यातून, "पण मी परत येणार हाय."

ती आली ती काळवंडून, पायांना फोड घेऊन, आणि गल्लीला विभूती वाटून. बोटं आप्पांनी बघितली नाहीत. वहिनी एकदा सवयीनं "आत्याबाई, ठेवा" म्हणाली आणि तिची तीच थांबली.

चार दिवसांनी मी पुण्याला निघाले. माझी बॅग दाराशी उभी होती. पुस्तकं, पापड, शेंगदाण्याची चटणी, वर वहिनीनं कोंबलेला खोबऱ्याचा डबा. मी चप्पल घालत होते तेवढ्यात आईनं वाकून ती बॅग उचलली आणि उजव्या कमरेवर घेतली. आप्पा पलंगावरून अर्धे उठले. "राहू..." एवढंच त्यांच्या तोंडातून आलं. बाकीचं त्यांनी गिळलं.

"सावकाश जा," ते म्हणाले.

गल्लीतून ती पुढं आणि मी मागं, हात रिकामे. काय करावं त्या हातांचं ते मला कळेना. कधी ओढणी नीट केली, कधी उगाच घड्याळ बघितलं. वाटेत ओळखीची बाई भेटली तर आई थांबली, कमरेवर बॅग तशीच ठेवून बोलली, मग पुन्हा चालायला लागली. स्टँडवर गाडी लागली होती. मी चढून खिडकीशी जागा धरली आणि हात बाहेर काढले. आईनं बॅग उचलली. उजवा हात खालून, आणि डावा, आधाराला, वरून.

"धरली का?" तिनं विचारलं.

"धरली."

"नीट धर. मग सोडते."